चटणीचा सीझन, जोतिबाचा गुलाल आणि घरातला दमा : तुम्ही घरी काय करता?

मंगळवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. धागा जरा घरगुती आहे, चालवून घ्या.

मुलगा नऊ वर्षांचा. थंडीत खोकला काही हटेना, पहाटे उठून बसायचा, तेव्हा तपासण्या झाल्या आणि दमा निघाला. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळचा एक रोजचा पंप दिलाय आणि धाप लागली तर घ्यायला वेगळा निळा पंप. दोन्ही स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून. औषधाचं मी डॉक्टरांशी बोलतेच, इथं विचारायचंय ते घराचं.

आमचं घर जुनं. मागच्या चौकात पाणी तापवायचा बंब, सकाळी लाकडं आणि शेणी घालून पेटतो. सासूबाई वर्षाची कांदा-लसूण चटणी घरीच करतात. मिरच्या निवडणं, भाजणं, खोबरं-तीळ परतणं सगळं घरात, फक्त कुटायला डंकावर. तो कार्यक्रम आता पंधरवड्यात आहे. शिवाय कुलदैवत जोतिबा. चैत्र यात्रेला डोंगरावर गुलालात लाल झाल्याशिवाय आमच्यात कुणी परत येत नाही, आणि पोरगं आत्तापासून नाचतंय.

सासूबाई नातवावर जीव टाकतात, पण त्यांचं ठाम मत, ‘पंपाची सवय लागते, एकदा धरला की जन्माचा लागला.’ मला घरात वाद नकोय, वाट हवीय. तुमच्याकडं दम्याचं माणूस असेल तर घरात काय बदललंत? चटणीचं काय केलंत?

पेठेतला_पंटर

‘चटणी बंद करा’ असा प्रतिसाद कुणी द्यायच्या आधीच सांगतो, तसं लिहिलं तर हा धागा पंचगंगेत विसर्जित होईल.

राजारामपुरी_वहिनी

ताई, आमच्या ह्यांना लहानपणापासून दमा आहे आणि आमच्यात चटणी दरवर्षी होते. तेव्हा काळजी नको, दोन्ही नांदतात.

आम्ही करतो ते असं. मिरच्या भाजायच्याच नाहीत. कडक उन्हात गच्चीवर चार दिवस वाळवल्या की ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही चुरचुरीत होतात, तशाच डंकावर जातात. तेल लावून भाजलेल्या मिरचीची चव वेगळी हे मला मान्य आहे, सासूबाई नाक मुरडतील हेही मान्य. खोबरं, तीळ, कांदा-लसूण परतायचं ते गच्चीवर शेगडी मांडून, सकाळी लवकर. त्या दिवशी हे गडहिंग्लजला बहिणीकडं. जेवायला तिथंच, यायचं रात्री.

खरा ठसका भाजण्यापेक्षा नंतर लागतो हे कुणी सांगत नाही. डंकावरून आणलेली चटणी परातीत कालवताना, बरण्यात भरताना बारीक पूड उडते आणि घरभर बसते. ते काम दार-खिडक्या उघड्या ठेवून, पंखा बंद करून, आणि कालवणाऱ्यानं अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पोराला जवळ घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. झाडूनं खाली बसलेलं परत वर येतं.

चटणीभाकर

मिरची न भाजता केलेली चटणी? वहिनी, तुम्ही राजारामपुरीच्या ना? तरीच.

(दम्याच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे. फक्त चटणीच्या मुद्द्याला निषेध.)

राजारामपुरी_वहिनी

चटणीभाकर, माहेर शिवाजी पेठ. आता बोला.

बिनधास्त_बाबू

पंप म्हणजे स्टिरॉइड, हे सगळ्यांना माहिताय पण कोण बोलत नाही. आमच्या मामांना कोजागरीला खिरीतनं औषध दिलं. चांदण्यात ठेवलेली खीर, रात्रभर जागायचं, पहाटे खायची. तीन वर्षं नेमानं गेले, दमा गेला. लहान पोराला नवव्या वर्षी पंप लावायचा म्हणजे काय म्हणायचं? हैदराबादला मृगाला जिवंत माशातनं औषध देतात, लाखो लोक जातात, ते सगळे खुळे काय?

निवृत्त_पोस्टमन

बाबू, खुळं कुणीच नसतंय. धाप लागलेला माणूस कुठंबी जातो. मी स्वतः दोन्हीकडं जाऊन आलोय, कोजागरीलाबी आणि हैदराबादलाबी.

माझा दमा आणीबाणीच्या आधीचा. तेव्हा रात्री धाप लागली की रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचे, शिरेत इंजेक्शन, सकाळी परत सायकलीवर टपाल. पुढं गोळ्या आल्या, त्यानं हात थरथरायचे, पत्ता वाचता यायचा नाही. पंप मी पन्नाशीला धरला आणि त्यानंतर रात्रीची रिक्षा थांबली. एवढंच सांगतो.

आणि कोजागरीचं म्हणशील तर पावसाळ्याची ओल संपत आलेली असते, ऑक्टोबरचं ऊन पडलेलं असतं. तेव्हा निम्म्या लोकांना असंही बरं वाटतंय. थंडीत परत बघ. मामांचं जानेवारीत कसं असतंय?

बिनधास्त_बाबू

जानेवारीत मामी गरम पाण्याचा शेक देते. पण दमा न्हाई.

पेठेतला_पंटर

शेक कशाला देती मग, शेकोटी म्हणून?

स्टेथो_करवीर

छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. इथं कुणाला तपासता येत नाही, त्यामुळं डोस विचारू नका. पण सवयीचा आणि स्टिरॉइडचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो, मोठं होईल.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. धाप अधूनमधून लागते, सूज मात्र रोज असते. धूर, गुलाल, सर्दीचा विषाणू, गार हवा लागली की त्या सुजलेल्या नळ्या आवळतात आणि शिट्टी वाजते. रोजच्या पंपात बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन असं सूज उतरवणारं औषध असतं. त्यानं लगेच काही वाटत नाही, म्हणून लोक बंद करतात. धाप लागल्यावर घ्यायचा सॅल्ब्युटामॉलचा पंप आवळलेल्या नळ्या चार-पाच तासांपुरत्या सैल करतो, सुजेला हातही लावत नाही. त्यानं लगेच बरं वाटतं, म्हणून लोक त्यालाच धरून बसतात. मोठ्या माणसांनी नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर दमा चालवू नये, असं जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून स्पष्ट म्हटलंय. वर्षात सॅल्ब्युटामॉलचे तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला आहे असं समजा. सवय म्हणाल तर काळजी त्या पंपाची करा.

आता स्टिरॉइड. हो, आहे. मुलांच्या पंपातला डोस साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम. मोठ्या झटक्यात मोठ्या माणसाला जी गोळी देतो ती ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. पंप दोनशे पट कमी आणि जातो थेट नळ्यांत. दुष्परिणाम शून्य म्हणणार नाही. घसा बसतो, तोंडात पांढरा चिकटा येतो, म्हणून घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. उंचीत साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, तोही सुरुवातीच्या वर्ष-दोन वर्षांतला, पुढं वाढत जात नाही. आणि पंप जन्माचा नसतो. दोन-तीन महिने दमा पूर्ण ताब्यात राहिला की आम्हीच डोस उतरवत नेतो. बऱ्याच मुलांचा वयात येताना हलका होतो. मात्र मनानं बंद करायचा नाही.

बाबू, मामांच्या औषधाला माझी हरकत नाही, पण त्याच्यासाठी पंप बंद केला असेल तर आहे. आणि नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून सांभाळा. अशा पुड्यांत खरोखरची स्टिरॉइड मिसळलेली सापडतात. पुडीनं दोन दिवसांत जादू झाली, भूक वाढली, चेहरा गोल झाला, साखर चढली, की संशय घ्यायचा. आणि ती एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून उतरवा.

सोळांकूरची_सून

डॉक्टर, ‘पंप घेतो पण फरक नाही’ असं माझे सासरे म्हणायचे. शेवटी तपासायला गेलो तर सिस्टरनी त्यांनाच पंप घेऊन दाखवायला सांगितला. ह्यांनी तोंडात दोनदा फवारा मारला आणि गिळला! सगळं औषध जिभेवर. नळीत काय जाणार, कपाळ.

सीपीआरजवळची_सिस्टर

सोळांकूरच्या सूनबाई, दहातले बरेच जण असेच घेतात. मी नर्स आहे, रोज बघते. पंप नीट घ्यायचा तो असा.

डबा हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. स्पेसरची तोंडी दातात धरून ओठ घट्ट मिटायचे. एकदाच दाबायचं आणि हळूहळू, चार-पाच सेकंद, खोल श्वास ओढायचा. जोरात ओढलं तर औषध घशावर आपटतं. मग तोंड मिटून दहा अंक मोजायचे. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून परत हलवून. दोन पफ एकदम स्पेसरात सोडू नका. पुडी-कॅप्सूलवाल्या रोटाहेलरचं उलटं असतं, तो जोरात ओढावा लागतो. म्हणून घरात दोन प्रकारची यंत्रं असली की घोटाळा होतो.

स्पेसर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. फडक्यानं आतून पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून बसतं.

औषधवाला_मिरजकर_तिकटी

दुकानदाराचे दोन शब्द.

एक, रंगावर जाऊ नका. ‘निळा द्या’ म्हणून गिऱ्हाईक येतं, पण प्रत्येक कंपनीचा रंग सारखा नसतो. डब्यावरचं औषधाचं नाव वाचा, नाहीतर चिकटपट्टीवर मार्करनं ‘रोजचा’ आणि ‘धाप लागल्यावर’ असं लिहून ठेवा. दोन, डबा संपला का हे पाण्यात तरंगवून बघायची पद्धत चुकीची आहे. औषध संपलं तरी आतला गॅस शिल्लक असतो, डबा फुसफुस करतच राहतो. मोजणीचा आकडा नसेल तर हिशोब करा. २०० पफचा डबा, रोज सकाळी दोन संध्याकाळी दोन, म्हणजे पन्नास दिवस. कॅलेंडरवर खूण करा.

आणि घरात दम्याचं माणूस असेल तर डोकेदुखी-अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन काउंटरवरून उचलू नका. सगळ्यांना त्रास होत नाही, ज्यांना होतो त्यांना जोरात होतो. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीही दमा उसळतो. आजी-आजोबांचे डोळ्याचे डॉक्टर वेगळे आणि छातीचे वेगळे असतात, एकमेकांना पत्ता नसतो. दोघांना सांगा.

निवृत्त_पोस्टमन

टिमोलॉल! अहो, आमच्या मंडळींच्या फ्रिजच्या दारात हेच नाव आहे. त्यांना दमा नाही, पण बरं झालं कळलं. दोघांचे थेंब एकाच ट्रेमध्ये असतात.

उसाचा_फड

ताई, तुमच्या बंबावर येऊ. बंब बंद करा. खरंतर ह्या धाग्यात सगळ्यात आधी हे यायला पाहिजे होतं. चटणी वर्षातनं एकदा, गुलाल एकदा, बंब रोज सकाळी. पोरगं उठायच्या वेळेला चौकात धूर, आणि दम्याचं माणूस पहाटेच जास्त बेजार असतंय. रोजची गोष्ट सोडून सणावारावर चर्चा चाललीय.

मंगळवारपेठकरीण

उसाचा_फड, खरं आहे. पण ‘बंबाच्या पाण्याशिवाय अंघोळ अंगाला लागत नाही’ असं घरातले तिघं म्हणतात. त्यात माझे मिस्टरही.

बिनधास्त_बाबू

उसाचा_फड, तुम्ही धुरावर बोलताय? फडाचं पाचट पेटवता तेव्हा आमच्या पाचगावला आभाळ दिसत नाही.

उसाचा_फड

पेटवतात, मान्य. मी पेटवत नाही, मी पाचटाची कुट्टी करून सरीत ठेवतो, रानात ओल टिकते आणि माती सुधारते. पण शेजारी का पेटवतो तेबी ऐका. काही ठिकाणी ऊसतोड टोळीच म्हणते, पेटवल्याशिवाय तोडणार नाही, पाल्यानं अंग कापतं. जळीत उसाला कारखाना कपात लावतो तरी शेतकरी पेटवतो, कारण टोळी निघून गेली तर ऊस उभाच. वर हंगामात गुऱ्हाळाचा धूर, चिमणीची काजळी, फौंड्र्यांची धूळ आणि रस्त्यावरची तर विचारूच नका. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जी हवा बिघडलेली शहरं धरलीत, त्यात कोल्हापूर आहे. नुसत्या शेतकऱ्यानं काय काय उचलायचं?

शिरोलीतला_मोल्डर

फौंड्रीचं नाव निघालं म्हणून. आमच्यातल्या एका दादाला बरीच वर्षं ‘दमा’ म्हणून पंप चालू होता. शेवटी एक्स-रे आणि फुंकायची तपासणी केली तर नुसता दमा नव्हता, वाळूच्या धुळीनं फुप्फुस खराब झालेलं. वाळूत, शेकआउटला (साचा फोडायला), फेटलिंगला (ओतीव घासून साफ करायला) काम करणाऱ्यांनी धाप लागली की ‘मी कामाला कुठं आणि किती वर्षं आहे’ हे डॉक्टरला आधी सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही. सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर आलं की वाढतं का, हेबी बघा.

स्टेथो_करवीर

मोल्डरदादांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. फुंकायची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. आधी फुंकायचं, मग सॅल्ब्युटामॉल देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत. मोठ्या माणसात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलीलीटरपेक्षा जास्त वाढली तर दम्याकडं कल. वर्षानुवर्षं चुलीवर स्वयंपाक केलेल्या बायकांनाही धाप लागते, त्याला घरात सरसकट दमा म्हणतात, पण बऱ्याचदा तो वेगळा आजार असतो. दोन्हीत पंप असले तरी उपचार सारखे नाहीत.

राजारामपुरी_वहिनी

बंबाला पर्याय म्हणून गॅस गिझर घेणार असाल तर एक सांगते. बंद न्हाणीत तो बसवू नका. झरोका नसेल तर धुराशिवायही जीव जातो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर बाहेर, पाइप आत. आम्ही सोलर घेतला, पावसाळ्यात इलेक्ट्रिक. मिस्टरांना म्हणावं, अंघोळ अंगाला लागायला साबण असतो.

गोली_नंबर_एक

पोरगं मंगळवार पेठेतलं म्हणजे फुटबॉल खेळत असणार. ते बंद केलं नाही ना?

मंगळवारपेठकरीण

केलंय सध्या. संघातल्या पोरांच्या आया म्हणाल्या, धाप लागेल.

गोली_नंबर_एक

चालू करा! मी स्वतः दम्याचा, शाहू स्टेडियमवर खेळलोय. डेव्हिड बेकहॅमला दमा आहे. २००९ साली मॅचच्या वेळी इनहेलर घेतानाचा फोटो आला, तेव्हा जगाला कळलं, तोपर्यंत तो शंभरावर आंतरराष्ट्रीय मॅचेस खेळला होता. पॉल स्कोल्सलाही दमा. उत्तेजकविरोधी नियमांतसुद्धा सॅल्ब्युटामॉलचा पंप चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत घेतलेला चालतो.

एकदम पळायला जायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करायचं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळायच्या आधी पंप. पंप कोचच्या किटमध्ये, घरी कपाटात नाही. आणि मैदानाला पाणी मारल्यावर खेळायचं, धुळीत नको. खेळताना सारखी धाप लागत असेल तर खेळ बंद करायचा नसतो, रोजचं औषध कमी पडतंय का ते दाखवायचं असतं.

पेठेतला_पंटर

आता मुख्य प्रश्न. पोरगं कुठल्या संघाचं, पीटीएमचं का प्रॅक्टिसचं? यावर सल्ला अवलंबून आहे.

चटणीभाकर

दिलबहारचं असेल तर पंप माझ्याकडनं.

गोली_नंबर_एक

झालं. आता पन्नास प्रतिसाद याच्यावर.

(मधले काही प्रतिसाद फुटबॉलच्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

व्हीनस_कॉर्नर

चटणी-गुलालाचं होऊन जाईल हो, खरा दमेकरी महिना जुलै. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यात पाणी, २०२१ ला परत. पाणी गेलं पण भिंतीतली ओल दोन वर्षं निघाली नाही. कपाटामागं काळी बुरशी, आणि कपाट हलवेपर्यंत कुणाला पत्ता नाही. धाकटीचा खोकला नुसत्या औषधानं काबूत येईना. नुसता रंग मारून भागत नाही, फुगलेला गिलावा खरवडून, भिंत वाळू देऊन परत करावा लागला. तेव्हापासून कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं, आणि पावसात कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालत नाही. गळती आत्ताच बघून घ्या, मृग लागला की गवंडी फोन उचलत नाही.

सोळांकूरची_सून

आणि वाकळ! आजीच्या लुगड्यांची वाकळ सगळ्यांना प्यारी, पण थरावर थर असतात, आत धुळीचे किडे घर करतात. नुसत्या उन्हात टाकून सगळे मरत नाहीत असं आम्हाला सांगितलं. ५५-६० अंशाच्या गरम पाण्यात धुवायला पाहिजे. वाकळ कोण उकळणार? म्हणून सासऱ्यांच्या अंथरुणात आता चादर आणि धुता येईल असं ब्लँकेट, गादी-उशीला चेनचं कव्हर. वाकळ पाहुण्यांना.

पेठेतला_पंटर

म्हणजे पाहुण्यांना किडे. कोल्हापूरचा पाहुणचार जगात भारी.

तुळशीवृंदावन

संध्याकाळची उदबत्ती आणि धूप याबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडं देवापुढं आता फक्त निरांजन. मच्छरची कॉइलही बंद, जाळी लावली. देव रागावले नाहीत. फिनेलचा उग्र वासही नातीला चालत नाही, साध्या पाण्यानं पुसतो. केळं-दही-ताक मात्र सगळं चालू आहे. बंद करून बघितलं, काही फरक पडला नाही, उगाच पोरीचे हाल.

बिनधास्त_बाबू

वाफ तरी चालते ना? का तेबी इंग्रजांनी बंद केलं?

सीपीआरजवळची_सिस्टर

नाकाला बरं वाटतं, दम्याला उपयोग नाही. आणि लहान मुलांच्या अंगावर उकळतं पाणी सांडलेल्या केसेस मी पाहिल्यात. प्राणायाम रोज जरूर करा, पण धाप लागलेल्या माणसाला कपालभाती करायला लावू नका.

ताई, यात्रेला जाणार असाल तर झटक्यात काय करायचं ते कागदावर लिहून घ्या. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला आराखडा असेल तर तोच पाळायचा. साधारण असं असतं. ताठ बसवायचं, झोपवायचं नाही. सॅल्ब्युटामॉल स्पेसरमधून एकेक पफ, चार पफ. आराम नाही तर वीस मिनिटांनी परत, आणि तोपर्यंत दवाखान्याची वाट धरलेली बरी. एक वाक्य सलग बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर होतात, पोरगं गळून शांत होतं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही, १०८. वाटेत पफ चालू ठेवायचे. शिट्टी थांबली म्हणजे बरं वाटलं असंही नाही. हवाच आत जात नसली तरी शिट्टी थांबते.

गोली_नंबर_एक

डोंगरावर स्पेसर विसरला तर? आमच्या कोचनी एकदा अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचं भोक पाडून दिलं होतं.

स्टेथो_करवीर

अडीअडचणीला चालतं. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर तपासून पाहिलेली युक्ती आहे. कोरडी बाटली, घट्ट बसणारं भोक. पण विसरू नका, पिशवीत दोन स्पेसर ठेवा.

गुलालाबद्दल माझं मत. नऊ वर्षांच्या मुलाला देवाला नेऊ नका असं सांगायला मी धजणार नाही, सांगून ऐकणारही नाहीत. गेल्या चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्याला दोनदापेक्षा जास्त नाही, रात्री दम्यानं जाग नाही, धापेचा पंप आठवड्याला दोनदापेक्षा जास्त लागला नाही, खेळण्यात अडचण नाही, या चारही गोष्टी बसत असतील तर दमा ताब्यात आहे. मग मुख्य दिवसाची गर्दी टाळून दर्शन घ्या. चारपैकी एक-दोन बसत नसतील तर आधी डॉक्टरांना भेटा. मास्क एन-९५, मुलाच्या मापाचा. कापडी रुमालातून गुलाल आरपार जातो.

मंगळवारपेठकरीण

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

झालं ते सांगते. सिस्टरांनी लिहिलेलं पंप घेण्याचं सासूबाईंना वाचून दाखवलं आणि त्यांनाच पोराचा पंप सांभाळायला दिला. आता सकाळी ‘दहा अंक मोज, चूळ भर’ त्याच ओरडतात, मला बोलायला जागा नाही. डॉक्टरांचं मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅमचं गणित त्यांनी दोनदा वाचायला लावलं. पटलंय का माहीत नाही, ‘बघू’ म्हणाल्या. चटणीची शेगडी गच्चीवर जाणार, मिरच्या मात्र भाजणारच, ती अट सोडली नाही. पोरगं त्या दिवशी मावशीकडं. चार गोष्टींतली रात्री जाग न येण्याची आमच्यात बसत नाही, म्हणून यात्रेआधीची वेळ घेतलीय. फुटबॉलचंही तेव्हाच विचारते. बंबाचं घोडं अजून अडलंय.

उसाचा_फड

मिस्टरांना ह्या धाग्याची लिंक पाठवा.

मंगळवारपेठकरीण

ते इथं आहेत. वाचतायत पण प्रतिसाद देत नाहीत.

चटणीभाकर

भाऊ, बंब मोडीत देणार असाल तर तांब्याचा आहे का? भाव सांगा, मी येतो घ्यायला.

निवृत्त_पोस्टमन

चटणीभाकर, तुझ्यात दम्याचं कोण आहे का आधी बघ, मग बंब ने.